सोयाबीन थांबवायचं? आधी थांबण्याचा खर्च काढा



या आठवड्यात निम्मे फोन एकाच प्रश्नाचे आले: "सर, सोयाबीन ठेवू का विकू?" पुढं भाव काय होईल ते मला सांगता येत नाही. जो छातीठोकपणे सांगतो त्याच्याकडून लिहून घ्या. पण थांबायला किती पैसे लागतात, ते आजच काढता येतं.

बऱ्याच जणांचं म्हणणं असतं, माल घरात पडलाय, त्याला कुठं खायला लागतं? लागतं. हिशोबासाठी आजचा भाव 4,500 धरू. एक क्विंटल ठेवलं म्हणजे 4,500 रुपये पोत्यात बांधून ठेवले. तुमच्या डोक्यावर शेकडा दोनचं देणं असेल, तर त्याच पैशात ते फिटलं असतं. सहा महिन्यांचं व्याज झालं 540. पोती, हमाली 60 धरा. त्यात माल वाळतो: 12 टक्के ओलावा एप्रिलपर्यंत 10 वर आला की क्विंटलमागे सव्वादोन किलोच्या आसपास वजन जातं. सगळं मिळून एप्रिलात *5,215* भाव मिळाला, तरच तो आजच्या 4,500 च्या बरोबर. त्याच्यावर जे मिळेल तेवढीच थांबण्याची कमाई.

एक वाट धरली की दुसऱ्या वाटेवरचं जे हातचं जातं, त्याला अर्थशास्त्रात संधी खर्च म्हणतात. पावती फाटत नाही म्हणून तो दिसत नाही, एवढंच.

आणि हा आकडा घरागणिक वेगळा असतो. ज्याच्यावर देणं नाही, त्याचं फक्त बँकेतल्या ठेवीचं व्याज बुडतं. त्याला थांबणं परवडू शकतं. ज्याचं पीक कर्ज मुदतीत भरायचंय, त्यानं माल धरून मुदत चुकवली तर व्याज सवलत गेली. ते नुकसान भाववाढीतून निघेलच असं नाही.

मधला रस्ता आहे: पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना. मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत उचल, 180 दिवस, वार्षिक 6 टक्के व्याज. वरच्याच उदाहरणात 3,375 उचलून सावकाराला दिले, तर व्याज 540 वरून 236 वर येतं आणि बरोबरीचा भाव *4,900* च्या आसपास. बाजार समितीत योजना चालू आहे का, आधी विचारून घ्या.

"एकरी एवढा खर्च आलाय, या भावात देणार नाही," हेही ऐकतो. राग खरा आहे. पण बी-खताचा पैसा विकलं तरी गेला, ठेवलं तरी गेला. तो या हिशोबात धरू नका. पुढच्या वर्षी काय पेरायचं ते ठरवताना धरा.

ऑगस्ट 2021 मध्ये लातूरला दहा हजारांवर गेलेला भाव सगळ्यांच्या डोक्यात आहे. त्याच महिन्यात केंद्रानं 12 लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली, मग नवा माल आला, आणि भाव उतरला, हे मात्र कमी जणांना आठवतं.

सगळा माल एकाच दिवशी विकायलाच पाहिजे असंही नाही. देण्यापुरता काढा, उरलेल्यावर थांबा.

(मिरचीवाल्यांनो, तुमचं गणित वेगळं आहे, रंग उतरला की भाव उतरतो. त्यावर वेगळा मेसेज टाकतो.)

आपला आकडा काढायचा असेल तर किती क्विंटल, देणं किती, व्याज काय, एवढं मला खासगीत पाठवा. ग्रुपवर टाकू नका.