मरणाऱ्याच्या उशाशी



मरणासन्न माणसाला व त्याच्या कुटुंबाला सोबत करणाऱ्यांना परदेशात ‘डूला’ म्हणतात. शब्द ग्रीक, अर्थ दासी. लूकच्या मूळ ग्रीक शुभवर्तमानात (१:३८) मरियामाता स्वतःसाठी हाच शब्द वापरते. डूला औषध देत नाही. ती उशाशी बसते, ऐकते, घरच्यांना घटकाभर झोपू देते.

बांद्र्याला माउंट मेरीजवळ ‘शांती आवेदना सदन’ आहे. डॉ. एल. जे. डिसोझा यांनी १९८६ साली सुरू केलेले हे भारतातील पहिले हॉस्पिस. बऱ्या न होणाऱ्या कर्करुग्णांची सेवा तेथे होली क्रॉसच्या सिस्टर्स विनामूल्य करतात, जातधर्म न पाहता.

आपल्याकडे मात्र ‘फादर आले तर पेशंट घाबरेल’ म्हणून शुद्ध हरपेपर्यंत थांबतात. ‘अखेरचा अभ्यंग’ या नावानेच घोळ केला! ‘रुग्णांचा अभ्यंग’ म्हणणे अधिक योग्य, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच सांगितले. आजार गंभीर होताच तो घ्यावा. प्रकृती आणखी ढासळल्यास पुन्हाही घेता येतो. निरोपाचा संस्कार म्हणजे अखेरचे ख्रिस्तशरीर, वाटेची शिदोरी. पण ते गिळता तर यायला हवे. पापनिवेदनालाही शुद्ध लागते.

रुग्णाची अन्नावरची वासना उडाली की बळेच भरवू नका. ओठ ओले करा, हात धरा, नावाने हाक मारून बोला. डोळे मिटलेले असले तरी त्याला ऐकू येत असेल.

घरी असा रुग्ण असल्यास आजच मिस्सानंतर मला भेटा.