उष्णोदक कुंडांची माहिती : लिहावी कशी, वाचावी कशी



देवदर्शनानंतर उष्णोदक कुंडात स्नान करण्याची आपली परंपरा जुनी आहे. पालीच्या बल्लाळेश्वराचे दर्शन घेऊन भाविक उन्हेरे येथे जातात, वज्रेश्वरीहून अकलोली व गणेशपुरीस जातात. अनेक भाविक व देणगीदार आपल्या परिसरातील कुंडांची टिपणे कार्यालयाकडे मोठ्या आस्थेने पाठवितात. अशी माहिती लिहिताना पाळावयाची काही पथ्ये येथे देत आहोत.

१) नाव अचूक असावे. जमिनीतून संथपणे वाहणारे गरम पाणी म्हणजे उष्ण झरा. वाफेच्या दाबाने थांबून थांबून उंच उसळते ते उष्णोदकाचे कारंजे, म्हणजे गायझर. हा शब्द आइसलँडमधील 'गेसिर' या कारंज्यावरून आला आणि आपल्या न्हाणीघरातील गीझरलाही तेच नाव मिळाले. अमेरिकेतील यलोस्टोन येथे अशी शेकडो कारंजी आहेत. महाराष्ट्रात आहेत ते केवळ झरे. राजापूरची गंगा काही वर्षांच्या अंतराने प्रकट होते, परंतु तिचा वाफेशी संबंध नाही. जवळचे उन्हाळे येथील गरम पाणी निराळे. उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे, उनपदेव या नावांतच 'ऊन' पाणी आहे, हे ध्यानी घ्यावे.

२) आख्यायिका व कारण वेगवेगळे लिहावे. वज्रेश्वरी परिसरातील गरम पाणी म्हणजे देवीने वधलेल्या दैत्यांचे रक्त, अशी कथा आहे. ती कथा म्हणून आदराने सांगावी. इतिहास सांगताना इ. स. १७३९ मधील चिमाजी अप्पांचा वसईविजय व त्यानंतर नवस फेडण्यासाठी उभारलेले देवीचे मंदिर यांचा उल्लेख करावा. कारण सांगताना मात्र "खाली ज्वालामुखी आहे" असे लिहू नये. आपला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा असून तो केव्हाच थंड झाला आहे. पावसाचे पाणी भेगांतून खोल मुरते. दर किलोमीटर खोलीस तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. तेथे तापलेले पाणी दुसऱ्या भेगेतून वर येते.

३) तापमान मोजून, तारखेसह लिहावे. कोकणातील झऱ्यांचे तापमान सुमारे ३५ ते ७० अंश सेल्सिअस आढळते. एकाच ठिकाणची दोन कुंडे सारखी नसतात. स्नानास ४० अंशांच्या आसपासचे पाणी पुरेसे असते. ५० अंशांचे पाणी काही मिनिटांत, तर ६० अंशांचे काही क्षणांतच त्वचा भाजू शकते. यमुनोत्रीच्या सूर्यकुंडात भाविक तांदूळ शिजवितात, यावरून कल्पना यावी.

४) गुणांची अतिशयोक्ती टाळावी. कुजक्या अंड्यासारखा वास आल्यास पाण्यात गंधकयुक्त वायू आहे असे समजावे. परंतु प्रत्येक कुंडात गंधक असतेच असे नाही. एका जुन्या टिपणात "सर्व त्वचारोग समूळ नाहीसे होतात" असे छापले होते. ते वाचून एका वयस्कर भगिनींनी कार्यालयात विचारले, "मग माझे औषध बंद करू का?" त्या दिवसापासून ते वाक्य आम्ही वगळले. ऊन पाण्याने अंग मोकळे होते, थकवा जातो, एवढे लिहिणे पुरेसे आहे. भाविक छापील शब्दावर विश्वास ठेवतो. त्या विश्वासास बाधा येऊ नये.

५) सूचना अवश्य द्याव्यात. प्रथम हाताने पाणी पाहावे. लहान मुलांना एकटे सोडू नये. हृदयविकार वा रक्तदाब असलेल्यांनी, तसेच गरोदर भगिनींनी वैद्यांचा सल्ला घ्यावा. नाकात पाणी जाऊ देऊ नये. कुंडात साबण, तेल, निर्माल्य व वस्त्रे टाकू नयेत.

झरा आपल्या पूर्वजांनी जपला, म्हणून तो आपणांस लाभला. त्याची खरी माहिती पुढील पिढीस देणे, हीदेखील सेवाच आहे.

— कार्यवाह