एकरी भावाआधी पाण्याचा कागद मागा

कालवा निरीक्षकाची नोकरी म्हणजे शेतकऱ्यांचे नमुना सातचे अर्ज गोळा करायचे, पाळी कधी सुटणार ते गावोगाव सांगायचं आणि टेलला पाणी पोचलं नाही की शिव्या खायच्या. माझी नोकरी अमरावती जिल्ह्यात, अप्पर वर्धा धरणाच्या कालव्यावर झाली. आता निवृत्त आहे, पण लोक अजून विचारायला येतात. फक्त प्रश्न बदलला. समृद्धी महामार्ग झाला, बेलोऱ्याहून विमान उडू लागलं, नांदगाव पेठेत वस्त्रोद्योग पार्कची घोषणा झाली, तशी जमिनीची बोलणी वाढली. हल्ली त्यात नवं नाव ऐकू येतं. "भाऊ, आपल्या इकडं डेटा सेंटर येनार म्हनतात. एकराले काय भाव भेटन?"

भाव भेटेल, आणि बहुधा बराही भेटेल. पण कालव्यावर राहून मी एक गोष्ट पाहिली. गावाचं सगळं लक्ष एकरी भावाकडं असतं, तेव्हा खरा व्यवहार दुसऱ्याच कागदांवर होत असतो. ते कागद पाण्याचे, विजेचे आणि कराचे. त्यांवर सह्या होऊन गेल्या की मग सातबारा कुणाच्या नावावर आहे याला फारसं महत्त्व उरत नाही.

आपल्याकडं काय झालं

नांदगाव पेठचा औष्णिक वीज प्रकल्प सगळ्यांना माहीत आहे. 270 मेगावॅटचे पाच संच, एकूण 1350 मेगावॅट. सिंभोऱ्याच्या, म्हणजे अप्पर वर्धाच्या, धरणाचा जिवंत साठा सुमारे 564 दशलक्ष घनमीटर, आणि त्यातून या प्रकल्पाला वर्षाला 87.6 दशलक्ष घनमीटर पाणी मंजूर झालं. त्यामुळे 23,219 हेक्टरचं सिंचन घटणार, असा आकडा तेव्हा पुढं आला. सिंचनाचा अनुशेष ज्या जिल्ह्याच्या कपाळी लिहिलेला, तिथं हे घडलं. लोक रस्त्यावर उतरले, प्रकरण नागपूर खंडपीठात गेलं. प्रकल्प मात्र उभा राहिला.

इथं क्रम लक्षात घ्या. त्या काळात धरणातलं सिंचनाचं पाणी उद्योगाला किंवा शहराला वळवायचं ते मंत्र्यांची उच्चाधिकार समिती ठरवत असे, आणि तिची बैठक मुंबईत. 2003 च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर दुसरा क्रमांक उद्योगाचा होता, शेती तिसरी. 2011 साली शेतीला दुसरा क्रमांक मिळाला खरा, पण त्याच वर्षीच्या कायदादुरुस्तीनं समितीच्या आधीच्या मंजुऱ्यांना संरक्षणही दिलं. लोकांचा आवाज चढला तोवर पाण्याच्या मंजुरीची शाई वाळली होती.

आणि हे धरण ज्यांच्या जमिनीवर उभं राहिलं त्यांचं काय? ऑगस्ट 2023 मध्ये अप्पर वर्धाच्या प्रकल्पग्रस्तांनी मंत्रालयातल्या सुरक्षा जाळीवर उड्या घेतल्या. धरण होऊन तोवर तीन दशकं उलटली होती. तोंडी आश्वासनाचं आयुष्य किती असतं, ते यावरून समजा.

डेटा सेंटर खातं काय, पितं काय

आपला फोटो, बँकेचा व्यवहार, मोबाइलवरचा व्हिडिओ हे सगळं शेवटी कुठल्यातरी इमारतीतल्या संगणकांत साठवलेलं असतं. तीच ही इमारत. महाराष्ट्रात अशी मोठी केंद्रं ऐरोली, महापे, रबाळे, पनवेल या पट्ट्यात आहेत. धुराडं नाही, कोळसा नाही, राख नाही. त्यामुळे पाहणाऱ्याला ती निरुपद्रवी वाटतात. पण हजारो संगणक रात्रंदिवस तापतात आणि त्यांना सतत थंड ठेवावं लागतं.

थंड करण्याच्या मुख्य रीती दोन. एक आपल्या कूलरसारखी, पाणी वाफ करून उष्णता घालवायची. दुसरी मोठ्या एसीसारखी, हवेवर चालणारी. पहिलीत पाणी जातं, दुसरीत वीज जास्त जाते. अकोल्याचा पारा मे महिन्यात 45 अंशांच्या वर जातो, तेव्हा दोन्हींची भूक शिगेला पोचते. नेमकं त्याच वेळी आपलं धरण तळाला असतं आणि डीपीवर ताण असतो.

एक हिशेब करून पाहा. 100 मेगावॅट संगणकांचा भार म्हणजे दिवसाला 24 लाख युनिट. पाण्यावर थंड होणाऱ्या केंद्रासाठी या उद्योगात नेहमी सांगितली जाणारी सरासरी युनिटमागे 1.8 लिटर आहे. म्हणजे रोज सुमारे 43 लाख लिटर. जलजीवन मिशनच्या माणशी 55 लिटरच्या मापानं हे पाऊण लाखाहून जास्त माणसांचं पाणी झालं. वीज कोळशाची असेल तर त्यात आणखी भर पडते. 2015 च्या केंद्रीय नियमानं जुन्या औष्णिक केंद्रांना युनिटमागे साडेतीन लिटरपर्यंत पाण्याची मुभा दिली. त्या मापानं रोजचे आणखी 84 लाख लिटर पारस किंवा नांदगाव पेठेसारख्या वीजकेंद्रात खर्ची पडतात. बिलावर ते कुठंच दिसत नाहीत.

खरं तेही सांगतो. वर्षाचा विचार केला तर केंद्राचं स्वतःचं पाणी दीड दशलक्ष घनमीटरच्या आसपास भरतं. सिंभोऱ्याच्या धरणापुढं ते किरकोळ आहे. म्हणून "किती पाणी" एवढ्यावर थांबू नका, "कुठलं पाणी" तेही विचारा. हेच पाणी एखाद्या लघुप्रकल्पातून किंवा बोअरमधून उपसलं, तर त्या पंचक्रोशीचा उन्हाळा कठीण झालाच म्हणून समजा. काटेपूर्णा धरणाचा साठा खालावला की अकोलेकर नळाची किती दिवस वाट पाहतात, ते त्यांनाच विचारा.

खारपाणपट्ट्यात तर वेगळाच पेच आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातलं भूजल आधीच खारं. ते यंत्राला चालत नाही, आधी क्षार काढावे लागतात. काढलेले क्षार आणि कूलिंग टॉवरमध्ये आटून घट्ट झालेलं पाणी शेवटी जाणार कुठं? नाल्यात सोडलं तर तो नाला पूर्णेलाच मिळतो.

विजेचंही तसंच. शेतीपंपाला आठ तास, तेही कधी रात्रीचे, आणि शेजारी चोवीस तास अखंड पुरवठा. आयर्लंडमध्ये 2023 साली मोजलेल्या एकूण विजेतली 21 टक्के वीज डेटा सेंटरनी वापरली, शहरांतल्या सगळ्या घरांपेक्षा जास्त. एवढ्या भारासाठी नवं उपकेंद्र लागतं, उच्चदाबाची वाहिनी लागते आणि तिचे मनोरे शेजाऱ्यांच्या वावरात उभे राहतात. जमीन न विकलेल्यांनाही या प्रकल्पाची झळ लागते ती अशी.

नोकऱ्या

बांधकामाला शेकड्यांनी माणसं लागतात. बांधकाम संपलं की आत मोजके तंत्रज्ञ उरतात. बाकी सुरक्षा, सफाई, बागकाम, सगळं ठेकेदारामार्फत. माझ्या मेहुण्यानं एका उद्योगासाठी वावर दिलं. पोराला नोकरी देऊ, असा शब्द मिळाला होता. पोरगा गेटवर उभा राहिला, ठेकेदार बदलला तसा घरी आला. दाद मागायला गेलो तर कागद दाखवा म्हणाले, आणि कागद नव्हताच.

आता काय करायचं

औष्णिक प्रकल्पाला निदान पर्यावरणाची जनसुनावणी घ्यावी लागते. डेटा सेंटर सहसा इमारत-बांधकामाच्या वर्गात मोडतं. वीस हजार चौरस मीटरवरच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, पण 2006 च्या अधिसूचनेनुसार त्या वर्गाला जनसुनावणीतून सूट आहे. म्हणजे तुम्हाला बोलावून कुणी विचारणार नाही. ती सुनावणी गावानं स्वतः घ्यायची, ग्रामसभेत.

ग्रामसभेच्या ठरावात हे प्रश्न घाला. पाणी कुठल्या स्रोतातून, वर्षाला किती आणि मे महिन्यात रोज किती? टंचाईत कपात झाली तर आधी कुणाची? थंड करण्याची रीत कोणती? उरलेलं क्षारयुक्त पाणी कुठं जाणार? वीज कुठल्या उपकेंद्रातून, वाहिनीचा मार्ग कोणता, मनोऱ्याचा मोबदला किती? डिझेल जनरेटर किती, त्यांची चाचणी किती वाजता, डिझेलचा साठा गावापासून किती दूर? आवाजाची मर्यादा वस्तीसाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. ती घराच्या भिंतीशी मोजणार की कंपनीच्या कुंपणाशी? मालमत्ता कर कोण वसूल करणार, एमआयडीसी की ग्रामपंचायत, आणि गावाच्या हाती किती येणार? राज्याच्या 2023 च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात डेटा सेंटरना सवलती आहेत, तेव्हा गावाचा वाटा त्यात बुडत नाही ना, हेही विचारा.

ठरावाच्या प्रती जलसंपदा, महावितरण, महापारेषण, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि जिल्हाधिकाऱ्यांना द्या. प्रत्येकाची पोच घ्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. तीस दिवसांची मुदत कायद्यात आहे. "ही व्यापारी गुपितं आहेत" असं कुणी म्हटलं तर घाबरू नका. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात द डॅलस या छोट्या शहरानं गूगलच्या केंद्राचा पाणीवापर लपवण्यासाठी 2021 मध्ये एका वर्तमानपत्रावर दावा लावला. पुढच्या वर्षी आकडे द्यावेच लागले. तेव्हा कळलं, गावाच्या पाण्यातला चौथ्या हिश्शाहून जास्त वाटा त्या केंद्राचा होता.

आणि नुसता नकार देऊ नका, अटही घाला. नागपूरचं सांडपाणी प्रक्रिया करून कोराडीच्या वीजकेंद्राला दिलं जातं. मग अमरावती-अकोल्याचं का नको? धरणाच्या किंवा बोअरच्या पाण्याचा एक थेंबही न घेता शहराच्या शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर चालणारं, आवाज आणि कर यांचा लेखी करार करणारं केंद्र आलं, तर त्याला नारळ फोडायला मी स्वतः येईन. पण ही अट इसार घेण्याआधी घालायची. इसाराच्या रकमेनं पोरीचं लग्न उरकल्यावर अट घालायला कुणाची जीभ वळत नाही.