दुर्लक्षित गोल्डफिशची शुश्रूषा

चेन्नईचे कोळत्तूर शोभिवंत माशांच्या पैदाशीसाठी व विक्रीसाठी प्रसिद्ध आहे. अशा बाजारांतून घरी आलेला गोल्डफिश कधी लहान काचभांड्यात, कुजत्या पाण्यात मरगळलेला आढळतो. त्याचे सगळे पाणी एकदम बदलण्याचा मोह घातक ठरतो. जुन्या पाण्याचा सामू घसरलेला असल्याने त्यातील अमोनिया बहुतांशी अमोनियम या सौम्य रूपात असतो. ताज्या पाण्याने सामू चढला, की उरलेल्या पाण्यातील अमोनियम पुन्हा विषारी अमोनिया बनून कल्ल्यांना इजा करते. शिवाय सामूतील आकस्मिक बदल अशक्त माशाला सोसत नाही. म्हणून आरंभी खाद्य थांबवून हवेचा पंप लावावा आणि क्लोरीनमुक्त पाण्याने रोज सुमारे दहावा हिस्साच बदलावा. लिटरमागे १ ग्रॅम साधे मीठ विरघळवून घातल्यास नायट्राइटचा रक्तातील शिरकाव घटतो. मासा पोहू लागल्यावर चिमूटभर खाद्य द्यावे. झडलेले पर सावकाश वाढतात.