आज्ञावलीची परीक्षा : निवडक प्रश्न की सोडतीचे प्रश्न?

सिंहगड रस्त्यावरील धायरी हे एके काळचे शेतीप्रधान गाव आता पुणे शहराचा भाग झाले आहे. संगणकाच्या आज्ञावली रचणे व तपासणे हा आज येथील अनेक तरुण-तरुणींच्या चरितार्थाचा व्यवसाय आहे. या कामातील एखादी चूक किती दूरवर पोहोचू शकते? एखाद्या निराधार वृद्धेचा बँक खाते क्रमांक शून्याने सुरू होत असेल आणि आज्ञावलीने ते शून्य गाळले, तर तिचे अनुदान तिच्या खात्यात जमा होणार नाही. अशी चूक आधीच कशी शोधावी, हे एका सोप्या उदाहरणाने पाहू.

कापरेकरांची संख्या

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले आणि देवळाली येथे शिक्षक असलेले गणिती द. रा. कापरेकर यांनी १९४९ साली ६१७४ या संख्येचा विशेष दाखविला. चारही अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी. हीच कृती पुन्हा पुन्हा केली असता जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते.

ही कृती करणारी आज्ञावली वजाबाकीच्या उत्तरातील आरंभीचे शून्य गाळते, असे समजू. २१११ घेतल्यास २१११ मधून १११२ वजा जाऊन ०९९९ उरतात. शून्य गळाले की ९९९ मधून ९९९ वजा होऊन उत्तर शून्य येते! १००० ते ९९९९ या ९,००० संख्यांपैकी केवळ ६८ संख्यांवर हा दोष उघड होतो.

दोन पद्धती

पहिली पद्धत निश्चित चाचणीची. परीक्षक विचारपूर्वक १०००, २१११, ६१७४, ९९९९ अशा संख्या निवडतो. दोष तत्काळ सापडतो. परंतु परीक्षकाला जे सुचत नाही, ते तपासलेही जात नाही.

दुसरी पद्धत छद्म-यादृच्छिक चाचणीची, म्हणजे सोडतीसारख्या भासणाऱ्या निवडीची. संगणक ‘बीज’ नावाच्या आरंभीच्या संख्येवर ठरावीक गणित करून पुढील संख्या काढतो. त्या स्वैर भासतात. तथापि बीज तेच असेल तर क्रमही तोच येतो. म्हणून बीज नोंदवून ठेवणे अत्यावश्यक होय. अन्यथा सापडलेली चूक पुन्हा दाखविता येणार नाही. अशा १०० संख्या तपासल्या तरी आपला दोष निसटण्याचा संभव सुमारे ४७ टक्के राहतो. ५०० तपासल्यास तो सुमारे २ टक्क्यांवर येतो. मात्र येथे शून्याचा संशय कोणाला आलेला असण्याची गरज नसते. उत्तर ६१७४ आले की नाही, एवढा नियम पडताळण्यास पुरतो.

निवड कशी करावी?

शक्यता थोड्या असतील तर सर्वच तपासाव्यात. ९,००० संख्या संगणकाला क्षणाचे काम आहे. खाते क्रमांकांसारख्या अगणित शक्यता असतील तेथे ज्ञात धोक्यांसाठी निश्चित चाचणी प्रत्येक फेरबदलानंतर घ्यावी. अज्ञात धोक्यांसाठी नवनवीन बीजे घेऊन सोडतीची चाचणी करावी. सोडतीत सापडलेला प्रत्येक दोष निश्चित चाचण्यांच्या यादीत कायमचा समाविष्ट करावा. एकदा सापडलेली चूक पुन्हा त्या वृद्धेच्या वाट्यास येऊ नये, हेच या साऱ्या खटाटोपाचे प्रयोजन होय.