मूत्रपिंडाच्या रोग्याचे पथ्य

आजारी मनुष्याच्या भेटीस जाताना शहाळे, केळी किंवा मोसंबी नेण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या भेटीत ममता असते, हे आम्ही जाणतो. परंतु ज्याची मूत्रपिंडे कायमची दुबळी झाली आहेत, त्यास हीच भेट कधीकधी प्राणघातक होते. असे का होते, हे आपण या धड्यात पाहू.

निरोगी मूत्रपिंडे दिवसाकाठी रक्तातून सुमारे १८० लिटर द्रव गाळतात व त्यातील बहुतेक शरीरास परत देतात. उरलेले मूत्र होय. अन्नातील जास्तीचे क्षार व प्रथिनांचा मळ याच वाटेने बाहेर पडतो. ही वाट अरुंद झाली म्हणजे ताटातील चार गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते.

१. मीठ. निरोगी मनुष्यासही दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक लहान चमचा, याहून अधिक मीठ नको. लोणचे, पापड व सुके बोंबील यांतील मीठ आपण हिशेबात धरीत नाही. शरीर मात्र धरते. सैंधव हेही मीठच होय. बाजारातील ‘कमी सोडियमच्या’ मिठात बहुधा पोटॅशियम घातलेले असते; ते तर या रोग्यास अधिकच धोक्याचे.

२. पोटॅशियम. हा क्षार रक्तात फार वाढला, तर पूर्वसूचना न मिळताच हृदय बंद पडू शकते. शहाळ्याचे पाणी, केळी, मोसंबी, बटाटा, रताळे व पालक यांत तो विपुल असतो. म्हणून ज्याच्या रक्तात तो वाढला आहे, त्याची भाजी बारीक चिरून पुष्कळ पाण्यात उकळावी व ते पाणी टाकून द्यावे. त्याचे सार करू नये. कमरख हे फळ मात्र मूत्रपिंडाच्या कोणत्याही रोग्याने मुळीच खाऊ नये. त्यातील विषाने उचक्या व झटके येऊन मृत्यूही ओढवतो.

३. प्रथिने. डायलिसिस सुरू होण्यापूर्वी डॉक्टर डाळ, अंडी, मांस बहुधा बेताने घेण्यास सांगतात. डायलिसिस सुरू झाल्यावर मात्र प्रथिने अधिक लागतात; वजनाच्या प्रत्येक किलोस सुमारे १ ते १.२ ग्रॅम. यास्तव एकाचे पथ्य दुसऱ्याने उचलू नये. रक्ततपासणी पाहून डॉक्टर सांगतील तेच खरे.

४. पाणी. ज्याचे मूत्र कमी झाले आहे, त्याने चहा, ताक व आमटीसुद्धा पाण्यातच मोजावी. नाहीतर पायांस सूज येते व धाप लागते. ज्यास मूत्र चांगले होते, त्याने मात्र सल्ल्यावाचून पाणी तोडू नये.

आता घरच्यांस दोन शब्द. नित्य वेगळे ताट वाढले म्हणजे रोग्यास आपण घराबाहेरचे झालो असे वाटू लागते. मग तो चोरून खातो, किंवा जेवणच सोडतो, दोन्ही घातकच. आमची सूचना अशी की, सर्वांचीच भाजी अळणी शिजवावी, आले, लसूण, जिरे व कोथिंबीर यांनी तिला चव आणावी, आणि ज्यास हवे त्याने वरून मीठ घ्यावे. रक्तदाब हे मूत्रपिंड बिघडण्याचे एक मोठे कारण आहे. तेव्हा कमी मिठाने इतरांचेही हितच होईल.

घरी विचार करण्यासाठी प्रश्न :
(१) आपल्या घरी महिन्यास किती मीठ लागते? ते दर माणशी दिवसाला किती पडते?
(२) अशा रोग्याच्या भेटीस जाण्यापूर्वी, त्यास काय चालते हे आपण विचारतो काय?