बानूच्या औषधाचं पान

जबलपूरमधल्या कांचघरच्या आमच्या घरात हिशेबाची एक वही आहे. तिच्यात डाव्या पानावर किराणा आणि उजव्या पानावर औषधं मांडतो. उजव्या पानावर बाबांचे डोळ्यांचे थेंब, आईची रक्तदाबाची गोळी आणि त्याखाली बानूचं गोचिडाचं औषध असतं. बानू म्हणजे आमची लॅब्राडोरच्या वळणाची कुत्री, वय आठ. बाबा गन कॅरेज फॅक्टरीतून निवृत्त झाले आणि काचबिंदूनं पुढच्या चार वर्षांत त्यांची नजर पूर्ण गेली. बानूला कुठल्या संस्थेनं शिकवलेलं नाही. बाबांनी आणि मी घरीच शिकवलं. पायरी आली की ती आडवी उभी राहते, नाली उघडी असली की पुढे सरकत नाही, काठी पडली तर तोंडात धरून आणून देते. मोठ्या रस्त्यावर आम्ही तिच्या भरवशावर बाबांना सोडत नाही. घर, अंगण आणि गल्लीच्या तोंडाचं दुकान एवढं तिचं क्षेत्र. पण तेवढ्यात बाबांचा सगळा दिवस मावतो.

ही आठ वर्षं पगारात बसवताना जे शिकले, ते लिहिते.

1. आधी खातं ठरवा. पहिली दोन वर्षं बानूचा खर्च डाव्या पानावर, दूध-बिस्किटांच्या जवळ होता, आणि महिना तंग झाला की पहिली काट तिथेच बसायची. उजव्या पानावर नेल्यापासून ती काट थांबली. अमेरिकेच्या आयकर खात्याने हे केव्हाच मान्य केलं आहे. तिथे अंध माणसाच्या मार्गदर्शक कुत्र्याचं खाणं आणि डॉक्टरची फी वैद्यकीय खर्चात धरतात. ब्रिटनमध्ये 1931 पासून मार्गदर्शक कुत्रे तयार करणारी संस्था मालकाला परवडत नसेल तर दवाखान्याचा भार स्वतः उचलते. आपल्याकडे दिव्यांगांसाठीच्या, 1981 पासूनच्या ॲडिप योजनेत पांढरी काठी मिळते, श्रवणयंत्र मिळतं, कुत्र्याचा विचार तिथे नाही. मात्र अवलंबून असलेल्या दिव्यांग माणसासाठी आयकराच्या जुन्या पद्धतीत ठरावीक वजावट आहे, 75 हजार, आणि 80 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाख. ती कुत्र्यासाठी नाही, बाबांसाठी आहे. तिच्यातून माझा जो कर वाचतो, त्यातला वाटा मी बानूकडे वळवते.

2. पैसे आजाराच्या आधी बाजूला पडले पाहिजेत. पोस्टात 500 रुपयांचं आवर्ती खातं काढलं आहे. विम्याचीही चौकशी केली होती, पण आधीपासूनचे आजार वगळलेले आणि वयाची अट. आम्ही उशिरा गेलो. पिल्लू लहान असतानाच जरूर विचारावं.

3. हाताला जे कळतं ते फुकट असतं. हे मला बाबांनी शिकवलं, आणि मी ते फार महागात शिकले.

रोज दिवेलागणीला बाबा ओट्यावर बसतात आणि बानूला कानापासून शेपटीपर्यंत चाचपतात. कानाची पाळी उलटी करून अंगठा आत फिरवतात, मग बगला, मग पायाच्या बोटांच्या बेचक्या. मसुराएवढी गाठ असली तरी त्यांना लागते. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात बाबा पंधरा दिवस तापानं आजारी होते. हे काम माझ्याकडे आलं आणि मी वरवर हात फिरवत राहिले. बाबा उठले त्या संध्याकाळी त्यांनी बानूचा पुढचा पंजा धरला आणि म्हणाले, ‘‘बाळ, इथे एक नाही, पाच आहेत.’’ बोटांच्या मधे गोचिडं फुगून बसली होती. दुसऱ्या दिवशी ती उठेना, अंग तापलेलं. मी घाईत बाबांच्या गुडघेदुखीच्या डब्यातली अर्धी गोळी तिला चारली. माणसाची वेदनाशामक गोळी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव करते, मूत्रपिंडावर जाते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. त्यात गोचीडतापात रक्त गोठवणाऱ्या पेशी आधीच कमी झालेल्या असतात. सकाळी तिची शी डांबरासारखी काळी झाली.

रक्ततपासणी, सलाईन, इंजेक्शनं मिळून 6,400 रुपये झाले. त्यातला निम्म्याहून जास्त भाग माझ्या अर्ध्या गोळीचा होता. गोचीडतापावरचं खरं औषध, डॉक्सिसायक्लिन, 28 दिवस द्यायचं होतं. डॉक्टरांना मूळ नावानं लिहून द्यायला सांगितलं आणि ते जनऔषधी केंद्रातून आणलं, बरंच स्वस्त पडलं. बिल फिटलं, पण ते चार आठवडे बाबा अंगणातसुद्धा एकटे गेले नाहीत. अशा कुत्र्याच्या आजाराचा खरा खर्च तो. तो वहीत मांडता येत नाही.

4. गोचिडाचं औषध कुत्र्याला, आणि घरालाही. कुत्र्याच्या अंगावरचं हे तपकिरी गोचीड भिंतीच्या भेगांत, खाटेच्या सांध्यात, गोणपाटाखाली अंडी घालतं. आम्ही भेगा सिमेंटनं बुजवल्या, बानूचं अंथरूण दर आठवड्याला उकळत्या पाण्यातून काढतो. आणि गल्लीतली तीन कुत्रीही आमच्याच हिशेबात आली. ती बानूच्या अंगावर धावून आली तर बाबा पडतील, आणि चावली तर धोका दोघांनाही. म्हणून शेजारच्या चार घरांनी मिळून त्यांना रेबीजची लस दिली. 28 सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाच्या सुमारास बऱ्याच पशुवैद्यकीय महाविद्यालयांत मोफत लसीची शिबिरं असतात, तेव्हा आधी चौकशी करावी.

5. महाविद्यालयाचा दवाखाना वेळ मागतो, पैसे कमी मागतो. जबलपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1948 चं आहे. 2009 पासून ते ज्या विद्यापीठात आहे, त्याला नानाजी देशमुखांचं नाव आहे. नानाजी हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचे, हे बाबा पर्चीच्या रांगेत शेजारच्याला हमखास सांगतात. तिथे विद्यार्थी तपासतात, मग मोठे डॉक्टर बघतात, त्यात अर्धा दिवस जातो. पण दहा विद्यार्थ्यांसमोर बोललेलं निदान मलाही ऐकायला मिळतं, आणि माझं अर्धं शिक्षण तिथेच झालं.

तिथवर जायचं तर रिक्षावाले कुत्रं बघून ‘‘नहीं जाएगा’’ म्हणत पुढे जायचे. आता गल्लीतल्याच एका ई-रिक्षावाल्याशी बोलून ठेवलं आहे. बानूच्या तोंडाला जाळीचं मुसकं, खाली जुनी चादर आणि ठरलेल्या भाड्यावर 40 रुपये. फारच अडलं तर 1962 वर फोन करावा, सरकारी फिरता पशुदवाखाना घरी येतो.

6. डॉक्टरला दोन गोष्टी आधी सांगा: ही कुत्री काय काम करते आणि तुमच्याकडे आज किती पैसे आहेत. पहिली सांगितली नाही तर गुंगी आणणारं औषध मिळतं आणि ती पायरीवर उभी राहायची विसरते. दुसरी सांगायला मला लाज वाटायची. एका खासगी दवाखान्यात न विचारता पाच तपासण्या झाल्या आणि मी मान डोलवत राहिले. आता पहिल्याच वाक्यात सांगते, ‘‘डॉक्टरसाहेब, हजार रुपये आहेत. यात सगळ्यात आधी काय करायला हवं?’’ बहुतेक डॉक्टर खुर्ची पुढे ओढून नीट बोलू लागतात.

7. नसबंदी वेळेवर करा. न केलेल्या मादीला वय झाल्यावर गर्भाशयात पू होऊ शकतो, आणि रात्री-अपरात्री करावी लागणारी ती शस्त्रक्रिया ठरवून केलेल्या नसबंदीपेक्षा कितीतरी महाग आणि धोक्याची. आम्ही दिवाळीच्या सुट्टीत केली, कारण आत्या नागपूरहून येणार होती. टाके निघेपर्यंतचे बारा दिवस बाबांचा हात आत्यानं धरला.

8. दात. हे मला अलीकडेच कळलं. हिरड्या सुजल्या की बानू काठी तोंडात धरत नाही, नुसती नाकानं ढकलते. आम्हाला वाटलं म्हातारी झाली, कंटाळली. बाबांनी तिचा ओठ उचलून बोट फिरवलं आणि मागच्या दाढेवरचा खडबडीत थर मला दाखवला. आवर्ती खातं मार्चमध्ये पूर्ण होतंय. त्याच आठवड्यात सफाईची वेळ घेतली आहे. उजव्या पानावर तारीख लिहून झाली, आणि रोज संध्याकाळी बाबा बोट फिरवून झालं की मला विचारतात, ‘‘किती दिवस राहिले?’’